आधी विचारलं की नंतर? रमाबाईंच्या केडगावच्या मळ्याचं प्रकरण

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघाची सभा संपताना आम्ही प्रार्थनेच्या विनंत्या घेतो. गेल्या काही वर्षांत त्यांचा साचाच ठरून गेला आहे. परदेशातल्या नर्सिंगच्या मुलाखतीत यश मिळावं. फ्लॅटचं कर्ज मंजूर व्हावं. अमुक मुलीच्या घरून होकार यावा. या विनंत्या मी मनापासून देवापुढे मांडते, कारण त्यांमागची तळमळ खरी असते. तरी एक गोष्ट बोचत राहते. एजंटला पैसे देऊन झालेले असतात, फॉर्म गेलेला असतो, नातेवाइकांना सांगून झालेलं असतं, आणि मग देवाचं नाव निघतं. ‘हे मी करू का?’ असं विचारायला सभेत कोणी उभं राहिल्याचं मला फारसं आठवत नाही.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या चौथ्या अध्यायात काही व्यापारी आहेत. आज नाहीतर उद्या अमुक शहरी जाऊ, वर्षभर राहू, धंदा करू, पैसा मिळवू, असा त्यांचा बेत आहे. बेतात वाईट काही नाही. याकोब त्यांना एवढंच सांगतो की ‘प्रभूची इच्छा असेल तर’ असं म्हणा. आपण ते म्हणतो. निरोपात म्हणतो, पत्रात लिहितो, आणि म्हणून म्हणून ते शब्द गुळगुळीत झाले आहेत. त्यांना एखाद्या माणसाच्या आयुष्यात हातपाय फुटतात तेव्हा काय होतं, हे बघायचं म्हणून आम्ही संघात एकच प्रकरण सविस्तर वाचलं. पंडिता रमाबाईंचं, 1896-97 सालचं. हे निवडलं, कारण रमाबाईंनी 1907 साली आपली साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाची कहाणी, स्वतः लिहून ठेवली आणि तिच्यात आपली चलबिचलही झाकली नाही. शिवाय केडगाव आमच्यापासून लांब नाही. पुण्याहून दौंडच्या गाडीत बसलं की ते स्टेशन लागतं, आणि आमच्यातल्या अनेकांच्या आज्या-पणज्यांची नावं रमाबाईंनी तिथे उभारलेल्या मुक्ती मिशनशी जोडलेली आहेत.

आधीचे दोन बेत

1896 कडे येण्याआधी रमाबाईंचे दोन जुने बेत समजून घ्यायला हवेत, नाहीतर पुढचा निर्णय अचानक आकाशातून पडल्यासारखा वाटतो.

पहिला बेत डॉक्टर होण्याचा. 1882 साली पुण्यात शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली, तेव्हा या देशातल्या बायकांना बाई डॉक्टर मिळणं किती गरजेचं आहे हे त्यांनी ठासून सांगितलं होतं. नवरा त्याच वर्षी पटकीने गेलेला, पदरात मुलगी मनोरमा एवढीशी. दुसऱ्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकी शिकायला. हेतू इतका चांगला की देवाला विचारण्याची गरजच वाटू नये. पण त्यांची ऐकण्याची शक्ती कमी होत चालली होती, आणि त्यापायी वैद्यकीचा रस्ता बंद झाला. त्याच मुक्कामात, 29 सप्टेंबर 1883 रोजी, वाँटेज इथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

या जागी आमच्या संघातला एक मुलगा, तो स्वतः दोनदा नीटच्या परीक्षेत मागे पडलेला, बराच वेळ गप्प बसला होता. मग म्हणाला, ‘म्हणजे चांगला बेतही बंद होतो.’ मी त्यावर काही बोलले नाही. होतो, हे खरं आहे.

दुसरा बेत शारदा सदनचा. अमेरिकेत फिरून रमाबाईंनी मदत उभी केली. बॉस्टनला स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षं खर्च उचलण्याचं कबूल केलं, आणि 11 मार्च 1889 रोजी मुंबईत उच्चवर्णीय विधवांसाठी शारदा सदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. न्यायमूर्ती रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार होती. सदनात धर्म शिकवायचा नाही, ज्या मुलीचा जो धर्म तो तिने पाळावा, असं ठरलं होतं.

मधल्या काळात, 1891 च्या सुमारास, रमाबाईंना एक गोष्ट उमगली. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तो आपल्याला पटलाही, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो आपल्याला भेटलाच नाही, असं त्या लिहितात. बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाली होती. तोवर त्यांची प्रत्येक झेप बुद्धीची आणि जिद्दीची होती. इथून पुढे त्यांच्या लिहिण्यात ‘प्रभूने मला दाखवलं’ अशी वाक्यं येऊ लागतात. त्या पहाटे उठून आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, आणि काही मुली आपणहून येऊन बसत. 1893 साली यावरून पुण्यात वादळ उठलं. सल्लागार मंडळाने राजीनामे दिले आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या.

या वादात मी रमाबाईंची बाजू डोळे झाकून घेणार नाही. ज्यांनी विश्वासाने मुली पाठवल्या त्यांना फसवणूक झाल्यासारखं वाटलं, तर ते समजण्यासारखं आहे. संस्था ज्या शब्दावर उभी राहिली तो शब्द आणि संस्थापिकेचं बदललेलं अंतःकरण यांत ओढाताण होती, आणि ती त्यांच्या पुढच्या निर्णयाला कारण ठरली. यापुढचं काम कुणाच्या अटींवर न उभारता फक्त देवावर टाकून उभारता येईल का, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून बसला.

मळा

असोसिएशनची दहा वर्षं संपत येणार होती. पुढे काय? रमाबाई व्यवहारी बाई होत्या. त्यांनी केडगावजवळ शंभरेक एकर जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडं लावली. बाग फळाला आली की विक्रीतून सदनाचा खर्च निघेल, परक्या देशाच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही. प्रकरणाच्या केंद्राशी हा मळा आहे. तो नीट विचार केलेला, कष्टाचा, कुणालाही शहाणपणाचा वाटेल असा बेत होता. तो स्वार्थाचाही नव्हता.

याच वर्षांत त्यांनी ब्रिस्टॉलच्या जॉर्ज म्युलर यांचं चरित्र वाचलं. म्युलर यांनी कुणाकडे पैसे न मागता, केवळ प्रार्थनेवर हजारो अनाथ मुलं सांभाळली. चीनमध्ये काम करणाऱ्या हडसन टेलर यांच्या मिशनचा इतिहासही त्यांच्या वाचनात आला. वाचून त्यांना वाटे की असं एखादं काम हिंदुस्थानात कुणी का सुरू करत नाही? कुणा मिशनऱ्याने तरी पुढे यावं. हे पुन्हा पुन्हा मनात आलं, आणि मग प्रभूने आपल्याला विचारलं, असं त्या साक्षीत लिहितात: दुसऱ्याने करावं अशी इच्छा धरत बसण्यापेक्षा तूच का सुरू करत नाहीस? अवघड काम दुसऱ्या कुणी तरी करावं असं वाटणं किती सोपं असतं, असंही त्या तिथेच कबूल करतात.

साक्षीतल्या ह्या ओळींशी मी दर वेळी थांबते. आपल्याला जे खटकतं, जे ‘कुणीतरी करायला हवं’ असं सतत वाटत राहतं, त्याच्या पोटात आपल्यासाठीची हाक दडलेली असू शकते. रमाबाईंना ती आपल्याच तक्रारीच्या शब्दांत ऐकू आली.

लोणावळ्याला तेव्हा ख्रिस्ती लोकांच्या शिबिरसभा भरत. 1896 च्या सभेला रमाबाई आपल्या ख्रिस्ती झालेल्या पंधरा मुलींना घेऊन गेल्या. एका पहाटे त्या मुलींबरोबर रानात प्रार्थनेला बसल्या असता त्यांना वाटलं की या पंधरांचा वर्ग देवाकडे मागावा, पंधरा पंधरं सव्वादोनशे ख्रिस्ती मुली. सदनात तेव्हा सव्वादोनशे मुली मुळात नव्हत्याच, तेवढ्यांना ठेवायला जागा नव्हती आणि पैसाही नव्हता. त्यांना शंका आली. मग जे वचन समोर आलं ते बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या बत्तिसाव्या अध्यायातलं, 27 वं: मी सर्व देहधाऱ्यांचा देव परमेश्वर आहे, मला अशक्य असं काही आहे काय?

तो अध्याय उघडून पुढेमागे वाचला तर एक गोष्ट ध्यानात येते. यरुशलेमेला वेढा पडलेला आहे, शहर पडणार हे यिर्मयाला ठाऊक आहे, तो स्वतः कैदेत आहे, आणि अशा वेळी देव त्याला अनाथोथचं शेत विकत घ्यायला सांगतो. सतरा शेकेल चांदी तोलून देऊन तो खरेदीखत करतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, ते मातीच्या मडक्यात ठेवायला लावतो. वचन 27 त्या व्यवहारानंतर येतं. केडगावची जमीन घेऊन बसलेल्या बाईला हा अध्याय कसा वाटला असेल, याचा विचार मी अनेकदा करते.

दुष्काळ

त्याच वर्षाच्या अखेरीस मध्य प्रांतातून दुष्काळाच्या बातम्या येऊ लागल्या.

इथे रमाबाईंचं बालपण आठवायला हवं. 1874 च्या सुमारास, त्या सोळा वर्षांच्या असताना, दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, मग आई, मग थोरली बहीण अशी माणसं गेली. तीर्थाटन करत पुराणं सांगणारं हे कुटुंब, दानधर्मात सगळं संपलेलं, भीक मागायची लाज. अकरा दिवस पाण्यावर, पाल्यावर आणि मूठभर रानखजुरांवर काढल्याचं त्यांनी लिहिलं आहे. वडिलांनी शेवटी त्यांना जवळ घेऊन सांगितलं की मी तुला देवाच्या हाती सोपवलं आहे, तू त्याचीच राहा. ज्या देवाचं नाव घेऊन ते हे बोलले तो त्यांचा विष्णू होता. रमाबाईंनी ते शब्द आयुष्यभर जपले आणि त्यांचा अर्थ आपल्या परीने लावला.

म्हणून 1896 ची बातमी ऐकताच त्यांना उपासमार कशी असते हे कल्पनेने समजून घ्यावं लागलं नाही. तरीही त्या लगेच उठल्या नाहीत. आपण एकट्या, प्रकृती यथातथा, हातात पैसा तुटपुंजा, सदनातल्या मुलींची जबाबदारी डोक्यावर. आपण जाऊन काय होणार? ही घालमेल त्यांनी मोकळेपणाने लिहिली आहे. आपण स्वतः दुष्काळातून वाचलो कशासाठी, हा प्रश्न त्यांना सोडेना. अखेर त्या निघाल्या.

तिथल्या अन्नछत्रांत आणि मदत केंद्रांत त्यांनी जे पाहिलं ते भुकेहून भयंकर होतं. निराधार मुलींना अन्नाच्या आमिषाने पळवणारे लोक आजूबाजूला टपलेले होते, आणि ज्यांच्या हाती मदत होती त्यांच्यातले काही जणही त्याच वाटेचे. रमाबाई आणि त्यांच्या साथीदार बायका मुलींना गोळा करून तुकड्या-तुकड्यांनी पुण्याकडे पाठवू लागल्या. सांगाडे झालेली, उवांनी भरलेली, खरजेने सोललेली मुलं. तीनशेच्या आसपास मुली त्यांनी आपल्याकडे ठेवून घेतल्या. लोणावळ्याचा आकडा मागेच पडला.

आणि त्याच सुमारास पुण्यात प्लेग. शहरात एवढी नवी, आजारी माणसं ठेवणं नियमांमुळे अशक्य झालं. जायचं कुठे? मळ्यात. फळबागेसाठी घेतलेल्या त्या शंभर एकरांवर राहुट्या आणि गवताच्या झोपड्या उभ्या राहिल्या. मोसंबी-लिंबांच्या उत्पन्नावर पन्नास विधवांचं सदन चालवायचं म्हणून घेतलेली जमीन आता शेकडो अनाथ मुलींचं गाव झाली, आणि तिला ‘मुक्ती’ हे नाव मिळालं. 1900 च्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दीड हजारावर गेली. विणकाम, शेती, छापखाना, आंधळ्या मुलींसाठी वाचनाची सोय, सगळं तिथेच उभं राहिलं.

आम्ही कशावर अडलो

आमची चर्चा सर्वात जास्त रेंगाळली ती लोणावळ्याच्या वचनावर. आमच्या घरी आजीच्या काळातली वचनांची डबी आहे, बारीक गुंडाळलेल्या चिठ्ठ्यांची, सकाळी एक उचलायची. 31 डिसेंबरच्या रात्री जागरणाच्या उपासनेत मंडळीतही प्रत्येक जण वर्षाचं वचन घेतो. त्या चिठ्ठ्यांनी आजीला विधवापणाची चाळीस वर्षं धीर दिला हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण एका चिठ्ठीवर नोकरी सोडणारे आणि लग्न ठरवणारेही मी पाहिले आहेत. मग रमाबाईंनी वेगळं काय केलं?

माझ्या मते त्यांचं वचन एकटं नव्हतं. अनाथ आणि विधवा यांची काळजी घेणं हा पवित्र शास्त्रात पानोपानी आलेला आदेश; त्यासाठी कुठली खास खूण लागत नाही. त्यांचं स्वतःचं आयुष्य त्या कामासाठी कष्टाने तयार झालेलं. सदन चालवण्याचा सात वर्षांचा अनुभव गाठीला. जमीन हातात. आणि लोणावळ्याच्या पहाटेनंतर त्या सव्वादोनशे मुली शोधायला धावत सुटल्या नाहीत. त्या परत येऊन आपलं रोजचं काम करत राहिल्या. दुष्काळ आला तेव्हा काय करायचं ते स्वच्छ झालं. ज्यांना एका वचनावर उडी मारायची घाई असते, त्यांना मी हा मधला काळ दाखवते. काही महिन्यांचा तो काळ, ज्यात काहीच घडलं नाही.

दुसरा अडथळा एका मुलीने मांडला, आणि तो मला सहज झटकता येत नाही. उपाशी मुलीला जेवण देऊन ख्रिस्ती घरात वाढवलं तर तिला निवड उरते का? आणि त्या सव्वादोनशेचा हिशेब तर आत्म्यांचाच होता. मराठी वृत्तपत्रांनी तेव्हाही हेच विचारलं होतं. मी तिला एवढंच म्हटलं की मुली त्या मदत केंद्रांतच राहिल्या असत्या तर त्यांच्यापुढे कोणती निवड होती तेही बघ. पण तुझा प्रश्न त्याने मिटत नाही, आणि मिटू नये. देवाने मला सांगितलं, असं म्हणणाऱ्या माणसाच्या हाती दुसऱ्यांची आयुष्यं असतात तेव्हा त्याला प्रश्न विचारले गेलेच पाहिजेत. 1893 मध्ये रमाबाईंना विचारले गेले, आणि त्यांतले काही योग्य होते, असं मला वाटतं.

तिसरी गोष्ट मळ्याची. जमीन घेताना रमाबाईंना तिचा खरा उपयोग माहीत नव्हता. त्यांनी बेत आखला, तो मोडू दिला, आणि मोडताना जमीन हातची सोडली नाही. संघातल्या त्या नीटवाल्या मुलाला हे फार लागलं असावं. दोन आठवड्यांनी तो म्हणाला की प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमाचा तो विचार करतो आहे, पण अजून फॉर्म भरलेला नाही. आधी सगळ्यांनी त्याच्याबरोबर प्रार्थना करावी, आणि ‘नको’ असं कुणाला वाटलं तर तेही सांगावं. ‘नको’ ऐकायला तयार असलेली विनंती आमच्या सभेत मी पहिल्यांदाच लिहून घेतली.

प्रकरणाचा शेवटचा भाग मी मुद्दाम वाचायला लावते, कारण तो सुखाचा नाही. रमाबाईंनी 1905 च्या सुमारास आणखी एक काम अंगावर घेतलं: खेड्यातल्या बाईला कळेल अशा साध्या मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, भाषांतर. त्यासाठी पन्नाशीच्या उंबरठ्यावर हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मुक्तीतल्या मुलींनी छापखान्याचे खिळे जुळवले, छपाई केली. मनोरमा आईच्या सगळ्या कामात बरोबरीने होती, आणि मुक्ती पुढे तिनेच सांभाळायची असं सगळे धरून चालले होते. 24 जुलै 1921 रोजी मनोरमा वारली. चाळिशी जेमतेम गाठली होती. आता रमाबाईंना जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं, प्रकृती ढासळली होती. मुक्तीची जबाबदारी दुसऱ्यांकडे द्यावी लागली. त्या पुन्हा प्रुफांकडे वळल्या, आणि 5 एप्रिल 1922 ला त्यांचं देहावसान झालं तेव्हा भाषांतर हातावेगळं झालेलं होतं.